हिल्डाची साथ

हिल्डा सगडेनला चॅपलच्या ऑर्गनवरून उठवलं ते एका गुत्त्यातल्या गाण्यापायी. रविवारच्या प्रार्थनेत दानाची थाळी फिरत असते तेव्हा ऑर्गनवाल्याने काहीतरी संथ आणि गंभीर वाजवत राहायचं असतं. हिल्डाला त्या संथ-गंभीर चालींचा वीट आला होता. मग तिने एक चावट गाणं घेतलं, एका खलाशाचं आणि त्याच्या तीन बंदरांतल्या तीन बायकांचं. त्याची लय इतकी ओढली की एका ओळीत थाळी दोन बाकं पुढे जावी. खाली जाड सूर पेरले आणि दिलं सोडून. बायकांनी डोळे मिटले. एका म्हातारीला तर रडू आलं. थोरल्या विश्वस्तांनी मात्र गाणं ओळखलं आणि पुढल्या रविवारपासून यायचं नाही असा निरोप धाडला.

हिल्डाने त्यांना भर मंडईत गाठलं.

"ओळखलंत कसं?" तिने विचारलं. "शब्द पण येतात का सगळे?"

विश्वस्तांच्या बायकोलाही तेच जाणून घ्यायचं होतं, असं नंतर कळलं.

त्यानंतर आमच्या थॉर्नरॉइडच्या कामगार क्लबने तिला उचललं आणि आपल्या ऑर्गनवर बसवलं. चॅपलने हाकललेलं माणूस म्हणजे क्लबच्या दृष्टीने पारखून आलेलं माणूस. मी तिथे ड्रम वाजवायचो. आठवडाभर गालिच्यांच्या गिरणीत आणि सुट्टीच्या दिवशी हिल्डाच्या डाव्या अंगाला, असं माझं आयुष्य चाललं होतं. कोणी आम्हाला 'दोन वादक' म्हटलं की ती लगेच दुरुस्ती करायची. "एक वादक आणि एक सिरिल." सिरिल म्हणजे मी.

क्लबात लोक गाणं ऐकायला येत नसत. ते बिअर प्यायला, बिंगो खेळायला आणि एकमेकांच्या बायकांचे कपडे बघायला येत. गाणं मधे मधे यायचं. माइकची मालकी कार्यक्रम सेक्रेटरी हॉरेस हीलीकडे होती. एखादी गायिका शेवटच्या सुरावर हात पसरून, डोळे मिटून उभी असे, तेव्हा हा तिच्या तोंडापुढचा माइक काढून घ्यायचा आणि सांगायचा, "मंडळी, मटणाच्या गरम पाई आल्यात. रांग भिंतीकडून लावा. मटार संपलेत." मग माइक परत तिच्या हातात द्यायचा. काही जणी पुढे गात. काही जणी पाईच्या रांगेत लागत.

बाहेरून येणारे गायक बरोबर गाण्याचे लिहिलेले कागद आणत. त्यांना आमच्यात नुसतं 'ठिपके' म्हणत. ठिपके नसले तर हिल्डा विचारायची, "पट्टी कुठली?" निम्म्या जणांना ते माहीत नसे. "गळ्याला बरी पडेल ती," असं म्हणत. "कोणाच्या गळ्याला?" हिल्डा विचारायची. तालमीला वेळ नसायचा. प्रत्येक गाण्याचं डोकं आणि शेपूट तेवढं बघून घ्यायचं, म्हणजे सुरू कसं करायचं आणि थांबायचं कुठे. मधलं धड देवाच्या हवाली. गायक विनोद सांगत बसला किंवा त्याचे खोटे दात सैल झाले, तर हिल्डा तेच दोन सूर फिरवत राहायची. त्याला 'गाडी चालू ठेवणं' म्हणत. एका जादूगाराचं कबूतर एकदा छताच्या पंख्यावर जाऊन बसलं. ते उतरेपर्यंत आम्ही गाडी इतकी चालू ठेवली की लोक उठून जोडीने नाचायला लागले. त्या जादूगाराला तेवढ्या टाळ्या कधी कुणी दिल्या नसतील.

बेसूर माणसाला मात्र हिल्डाकडे माफी नव्हती. आणि उर्मट माणसाला तर त्याहून नाही. लीड्सचा एक गायक आला होता. चकचकीत कोट, अंगठ्या. त्याने तिच्याकडे बघून वेटरला बोलवावं तशी चुटकी वाजवली. हिल्डा गोड हसली. दर कडव्याला तिने पट्टी अर्ध्या सुराने वर चढवली. चौथ्या कडव्याला त्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या दिसायला लागल्या आणि पाचव्याला तो चवड्यांवर उभा होता. गाणं संपल्यावर तो तिच्याकडे आला.

"तुम्ही पट्टी बदलत होतात."

"मी?" हिल्डा म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला वर जायची हौस आहे."

अशी ही बाई. पन्नाशी जवळ आलेली, लग्न न केलेली, विणकामाची पिशवी ऑर्गनला अडकवून दोन गाण्यांच्या मधे पायमोजे विणणारी. तिच्या आयुष्यात विल्फ टॉर्डॉफ आला तो एकाहत्तर सालच्या शरदात, एका रविवारी दुपारी.

रविवारी दुपारी क्लबात माइक सगळ्यांना खुला असायचा. कुणीही सभासदाने उठावं आणि गावं. विल्फ आमच्या मंडईत वजडी विकायचा. उकळून पांढरीशुभ्र केलेली गाईची वजडी, डुकराचे पाय, असलं सगळं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. धिप्पाड, गुलाबी, साबणाने घासून काढल्यासारखा माणूस. चॅपलच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत त्याने कधीतरी संगीताच्या शब्दांचा एक छोटा कोश घेतला होता आणि तो तोंडपाठ केला होता. त्याला गाण्याची सगळी भाषा येत होती. लेगाटो म्हणजे सूर सलग घ्यायचे, स्टकाटो म्हणजे तोडून तोडून घ्यायचे, हे थॉर्नरॉइडच्या बायकांना विल्फमुळे माहीत होतं. वजडीचा लांब पट्टा हातात धरून तो विचारायचा, "लेगाटो देऊ, की स्टकाटो?" ज्यांना कांदा घालून शिजवायची असे त्या स्टकाटो नेत.

तो हिल्डाच्या ऑर्गनजवळ आला आणि जरासा वाकला.

"मिस सगडेन, मला पांढरी चार द्या. आधी चार मात्रांची सुरावट. पहिलं कडवं मऊ ठेवा, दुसरं हळूहळू फुगवत न्या. शेवटच्या ओळीला लय थोडी माझ्यावर सोडा. आणि अंत भव्य नको, विरत जाणारा हवा."

हिल्डाने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला ठाऊक होती. हा मेला, असा तिचा अर्थ होता. मीही काठ्या नीट धरून बसलो, कारण मजा बघायची होती.

विल्फने तोंड उघडलं. आवाज सुंदर होता, हे खरं आहे. जाड, उबदार, रविवारच्या मटणाच्या रश्श्यासारखा. पहिली ओळ सरळ गेली. दुसऱ्या ओळीत तो घसरायला लागला. दुधाची गाडी हँडब्रेक न लावता उतारावर उभी केली तर ती जशी सरकते, तसा. सरकताना कोणाला दिसत नाही आणि बघावं तर ती भिंतीला लागलेली असते. त्याला स्वतःला काहीच पत्ता नव्हता. डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान.

मी वाट बघत होतो, आता ही पट्टी वर चढवणार आणि याला लटकवणार. पण हिल्डाचा डावा पाय पेडलवर एक घर खाली सरकला. डाव्या हाताने तिने मधे कुठलातरी अनोळखी सूर सरकवला आणि पुढच्या ओळीला ती जिथे विल्फ होता तिथे हजर. तिने हनुवटीने मला खूण केली. मला कळलं. सांधा लपवायला मी झांज वाजवली. चौथ्या ओळीला तो पुन्हा घसरला. ती पुन्हा त्याच्या मागे उतरली. मी पुन्हा झांज वाजवली. गाणं संपलं तेव्हा लोकांनी मनापासून टाळ्या दिल्या. कोणाला काही खटकलं नव्हतं.

विल्फ वाकून खाली गेला. हिल्डा विणकाम काढून बसली.

"झांज बरी मारलीस," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने माझी केलेली ती पहिली स्तुती.

"हिल्डा, आपण पांढरी चारला निघालो आणि पांढरी दोनला उतरलो."

"मग? वाटेत देखावा चांगला होता."

"लीड्सवाल्याला तू चवड्यांवर उभं केलंस."

"त्याचा आवाज पत्र्यासारखा होता," हिल्डा म्हणाली आणि टाके मोजायला लागली. ते टाके ती पुन्हा पुन्हा मोजत होती. विणकाम चुकलं होतं, आणि तिचं विणकाम कधी चुकत नसे.

मग दर रविवारी हेच. विल्फ यायचा, आपल्या कोशातले दोन-तीन शब्द वापरून सूचना द्यायचा, गायचा, घसरायचा. हिल्डा त्याच्या मागोमाग जायची, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्याच्या कोपराला हात लावून उतरावं तशी. विल्फ ऑर्गनवर कागदात गुंडाळलेली वजडी ठेवून जायचा. हिल्डाला वजडीचा वासही सहन होत नसे, हे मला पक्कं माहीत होतं, कारण माझ्या डब्यात असली की ती मला लांब बसवायची. आता ती पिशवी उचलून घरी नेत होती.

"खातेस का?" मी विचारलं.

"व्हिनेगर घातलं की जाते," ती म्हणाली.

आणि विल्फ लोकांना आवडायला लागला. आवाज चांगला, उंची चांगली, गाणी रडवणारी. गिरणीतला एक जण मला म्हणाला की विल्फची गाणी बांधलेली फार नव्या धर्तीची असतात, दर दोन ओळींना काहीतरी वेगळंच होतं. विल्फलाही ते ऐकू येत होतं. फक्त त्याला वाटायचं की ते हिल्डाचं डोकं आहे.

"मिस सगडेनच्या अरेंजमेंट जरा गूढ असतात," तो बिअरचा ग्लास धरून सांगायचा. "गायकाला सावध राहावं लागतं."

मी बिअरमध्ये तोंड घातलं. दुसरं काय करणार.

भानगड हॉरेसने केली. शेजारच्या गावात एक मोठा क्लब होता. तिथे नऊ जणांचा बँड. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, बास गिटार, सगळं. हॉरेसने तिथल्या सेक्रेटरीशी अदलाबदल ठरवली. त्यांचा एक विनोदवीर आमच्याकडे, आमचा विल्फ त्यांच्याकडे. साथ त्यांचाच बँड करणार.

मी हिल्डाला गाठलं. "आता तरी त्याला सांग."

"काय सांगू?"

"की तो घसरतो."

"तू सांग."

"मी ड्रमवाला. माझं कोण ऐकणार?"

"ते खरंय," ती म्हणाली. "ठिपके लिहिते."

"कसले?"

"तो जिथे घसरतो तिथे बँड घसरला तर झालं ना?"

मला आधी गंमत वाटली. पण ती खरंच घरी जेवणाच्या टेबलाशी बसली आणि तिने नऊ वाद्यांचे ठिपके लिहून काढले. मला बोलावून विचारायची, "दुसऱ्या ओळीत अर्धा सूर, बरोबर? कुठल्या शब्दावर?" मी आठवून सांगायचो. "चौथीच्या शेवटी परत. मधल्या तुकड्यात जरा सावरतो, श्वास घेतो ना तिथे. मग शेवटच्या कडव्यात एकदम गेला." ती लिहायची. प्रेमात पडलेली माणसं कविता करतात. या बाईने एका माणसाच्या घसरणीचा नकाशा काढला, ट्रम्पेटला वेगळा, ट्रॉम्बोनला वेगळा. आणि कडेला वादकांसाठी पेन्सिलीने साध्या भाषेत बारक्या सूचना. 'इथे खाली या. घाई नको.' 'इथे थांबून त्याच्याकडे बघा.' 'पुन्हा विल्फबरोबर खाली.'

"त्याला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"अरेंजमेंट आहे म्हणून. आहेच की."

हॉरेसच्या व्हॅनमध्ये बसून आम्ही सगळे गेलो. विल्फने नवा बो टाय लावला होता. व्यासपीठ मोठं, दिवे तोंडावर, बास गिटारवाला त्याच्या अगदी कानाशी उभा. विल्फ घाबरला होता. आणि घाबरलेल्या माणसाचा आवाज वर ओढला जातो, खाली जात नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. हिल्डाच्याही नाही.

पहिली ओळ झकास झाली. दुसरी ओळ आली. विल्फ आयुष्यात पहिल्यांदा सुरात राहिला. आणि नऊच्या नऊ जण, लिहिलं होतं तसं, अर्धा सूर खाली गेले.

तो आवाज मला अजून आठवतो. कोणीतरी मोठ्या कपाटाचे सगळे खण एकदम ओढून काढावेत तसा. विल्फ थबकला, पण सोडलं नाही. गडी सुराला चिकटून राहिला. चौथ्या ओळीला बँड आणखी खाली. विल्फ वरच. पुढच्या टेबलावरच्या एका बाईने कानात बोटं घातली. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, एकाने तरी त्याच्यावर दया करा." तिथला सेक्रेटरी माइकवर आला आणि म्हणाला, "थॉर्नरॉइडच्या पाहुण्यांचे आभार, आता बिंगो." दुसरं कडवं झालंच नाही.

मागच्या खोलीत विल्फ खुर्चीवर बसला होता. बँडचा ट्रम्पेटवाला आत आला. चांगला माणूस होता, त्याला विल्फची काळजी वाटत होती, आणि तेच नडलं.

"बाबा, तुझी काही चूक नव्हती," तो म्हणाला. "तू बरोबर गात होतास. हे कागद बघ. उताराला लागलेत. कारण नसताना खाली, परत खाली. कोणी लिहिलेत?"

विल्फने कागद घेतला. ठिपके त्याला जेमतेम वाचता येत, पण पेन्सिलीने लिहिलेलं वाचायला काय लागतं. 'पुन्हा विल्फबरोबर खाली.' तो ते वाचत राहिला. हिल्डा दारात उभी होती, हातात त्याचा ओव्हरकोट. त्याने वर बघितलं आणि तिच्याकडून कोट घेतला.

रविवारी विल्फ आला नाही. त्यापुढच्या रविवारीही नाही. मंडईत तो नुसतं "कापून?" असं विचारायला लागला. बायकांना चुकल्यासारखं व्हायचं. माझी बायको घरी येऊन म्हणाली, "मी स्वतःहून स्टकाटो म्हटलं, तर म्हणाला, 'म्हणजे कापून.'"

शेवटी हिल्डा मंडईत गेली. मी होतो तिथे, कारण तिने मला पिशवी धरायला म्हणून ओढून नेलं होतं. ती रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला.

"काय देऊ?" विल्फ म्हणाला.

"अर्धा पौंड."

"कापून?"

"विल्फ, मला रांगेत बोलायला लावू नकोस."

"मग बोलू नका. मागे बायका खोळंबल्यात."

"आम्हाला काही घाई नाही," मागची बाई म्हणाली.

हिल्डाने हातमोजे काढले. "मी सगळ्यांना बेसूर म्हटलंय. पाद्रीबाबांना म्हटलंय. माझ्या आईला म्हटलंय, ती अंथरुणाला खिळलेली असताना. तुला म्हणता आलं नाही."

"का?"

"इथे सांगू? सगळ्यांसमोर?"

"सांगा की," मागची बाई म्हणाली. तिच्या मागच्या दोघी पुढे सरकल्या.

हिल्डा लाल झाली. तिला लाल झालेलं मी तोवर बघितलं नव्हतं. "तुझा आवाज मला आवडतो," ती म्हणाली. "तो कुठे जातो याच्याशी मला कर्तव्य नाही. जाईल तिकडे मी यायला तयार होते."

विल्फने सुरी खाली ठेवली. "मी लोकांना सांगत फिरलो, तुमच्या अरेंजमेंट गूढ आहेत म्हणून. सगळा गाव हसत असेल."

"गावाला काही कळलं नव्हतं. मला आणि सिरिलला ठाऊक होतं."

"सिरिललासुद्धा?" तो माझ्याकडे बघून म्हणाला. हे त्याला जास्त लागलं असावं. "आणि जन्मात एकदा मी सुरात गायलो, तेव्हा तू मला पाडलंस. नऊ माणसं लावून."

"हो," हिल्डा म्हणाली. "नऊ माणसं लावून."

तो बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिला. "रविवारी येतो," तो म्हणाला. "पांढरी चार. मी कुठेही गेलो तरी तू तिथून हलायचं नाहीस. मला ऐकायचंय."

"नको ऐकूस."

"हलायचं नाहीस," विल्फ म्हणाला आणि वजडी कागदात गुंडाळून तिला दिली. न कापता.

रविवारी क्लब गच्च भरला होता. मंडईतल्या त्या रांगेने आपलं काम चोख केलं होतं. विल्फ उभा राहिला. या वेळी कसल्या सूचना दिल्या नाहीत, नुसती मान हलवली. पहिली ओळ सरळ. दुसऱ्या ओळीत दुधाची गाडी सुटली. हिल्डा हलली नाही. तिचे हात पांढरी चारवर होते आणि दात घट्ट आवळलेले. विल्फ खाली खाली जात राहिला आणि दोघांमधली फट सगळ्या हॉलला ऐकू आली. हिल्डाचा डावा पाय थरथरत होता, त्याला खाली जायची सवय लागली होती. तिने तो उजव्या पायाखाली दाबून धरला.

विल्फ मध्येच थांबला. डोळे पूर्ण उघडून त्याने ऑर्गनकडे बघितलं.

"आता आपण दोघं वेगवेगळ्या गावांत आहोत, नाही का?" त्याने विचारलं.

"हो, विल्फ."

"मी कुठे आहे?"

"पांढरी तीनच्या जरा अलीकडे," हिल्डा म्हणाली. "बस थांबत नाही तिथे."

लोक हसले. विल्फही हसला, आणि मग एकदम त्याचं हसू गेलं. "तिथून मला परत आण," तो म्हणाला.

हिल्डाने एकच सूर दाबून धरला. विल्फने तो पकडायला आवाज लावला. खाली लागला. ती मानेने नाही म्हणाली. त्याने थोडा वर नेला. नाही. अजून थोडा. एवढा मोठा माणूस अंधारात किल्लीचं भोक शोधावं तसा चाचपडत होता. हॉरेस माइकशिवायच ओरडला, "पाई आल्यात," पण कोणी उठलं नाही. मग एका क्षणी आवाज आणि सूर एक झाले. ऑर्गन कुठला आणि विल्फ कुठला ते कळेना. तो तिथे उभा राहिला, छाती भरून, आणि श्वास संपेपर्यंत धरून राहिला. मी झांजेला हात लावला नाही. लपवण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवसापासून मंगळवारी दुपारी मंडई लवकर बंद झाली की विल्फ हिल्डाच्या घरी जायला लागला. पुढल्या खोलीत पियानो होता. शेजारच्यांनी मला सांगितलं की भिंतीतून तासभर एकच सूर यायचा आणि मधेच हिल्डाचा आवाज, "खाली. खाली. खाली, विल्फ. देवा रे, आता वर." मग चहाची भांडी. मग पुन्हा. हिवाळाभर हे चाललं. कधी कधी भांडण व्हायचं. विल्फचं म्हणणं असं की आधी हिल्डाच घसरायची आणि तो शिष्टाचार म्हणून तिच्या मागे जायचा. मला साक्षीला बोलावलं की मी सांगायचो, मी ड्रमवाला, मला काय कळतंय.

वसंतात त्यांनी लग्न केलं, रजिस्टर ऑफिसात, कारण चॅपलला ती नको होती आणि तिलाही चॅपल नको होतं. जेवण क्लबात. विल्फने एक गाणं म्हटलं, एकच कडवं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सुरात. हिल्डाने ऑर्गनवर त्याला साधी, सरळ साथ दिली. शेजारी गिरणीतला तो गडी बसला होता. तो म्हणाला, "बरं होतं. पण पूर्वी त्याच्या गाण्यात काहीतरी असायचं. आता सगळ्यांसारखं झालं."

पुढे क्लबने रेकॉर्ड लावणारं यंत्र आणलं, ज्याला पगार लागत नाही आणि जे सेक्रेटरीला उलट बोलत नाही. हिल्डाने ऑर्गनचं झाकण लावलं, विणकामाची पिशवी उचलली आणि निघून गेली. विल्फने वजडीचं दुकान विकलं. दोघांनी विदर्नसीला समुद्राकाठी चार खोल्यांचं घर घेतलं आणि उन्हाळ्यात भाड्याने पाहुणे ठेवायला लागले.

गेल्या वर्षी मी आणि बायको तिथे राहून आलो. वारा असा की खिडकीतला पडदा आडवा. सकाळी न्याहारीला खाली गेलो तर हिल्डा धुरी दिलेले हेरिंग मासे वाढत होती आणि स्वयंपाकघरातून विल्फचं गाणं येत होतं, भांडी घासता घासता. समोर हल शहरातला एक फिरता विक्रेता बसला होता, डोळ्यांत झोप.

"हे रोज असतं का?" त्याने विचारलं.

"सोमवारी तो बाजारात जातो," हिल्डा म्हणाली.

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस तुम्ही नशीबवान," ती म्हणाली, त्याच्या ताटात आणखी एक हेरिंग टाकला, आणि जाता जाता स्वयंपाकघराचं दार सताड उघडून, ते मिटू नये म्हणून त्याला खुर्ची लावून गेली.